तुम्ही विचारलंत म्हणून: फौजीची मुलगी असून मी सैन्य परत बोलवा का म्हणते

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावरचे ते व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते, धावत्या लष्करी विमानाला लटकलेली माणसं वगैरे, तेव्हा आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत गेटपाशी चर्चा चालली होती आणि मी म्हटलं की अमेरिका अफगाणिस्तानातून उशिरा निघाली, निदान दहा वर्षं आधी निघायला हवं होतं. तर बिल्डिंगमधले एक काका एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, तुम्ही फौजीची मुलगी ना? मग असं कसं बोलता? जे गेले त्यांचं बलिदान वाया नाही का जात?" तेव्हापासून हाच प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय, ऑफिसात, नातेवाइकांत, भाचीच्या मैत्रिणींनीसुद्धा. दर वेळी मी दोन वाक्यं बोलून गप्प बसते कारण उत्तर लांबलचक आहे. आज लिहूनच टाकते.

बाबा साताऱ्याकडचे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात त्या गावापासून जवळच्याच एका खेड्यातले, आर्मीत सिग्नल्सला, म्हणजे फोन-वायरलेसच्या कामाला होते. १९८७ मध्ये मी नऊ वर्षांची. आई, मी आणि धाकटा भाऊ ठाण्याला कोपरीत चाळीत राहायचो, मामा शेजारच्याच खोलीत, तो वागळे इस्टेटमध्ये कामाला. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि आपलं सैन्य शांतिसेना म्हणून श्रीलंकेला गेलं. त्या शब्दावर आईचा फार विश्वास बसला. कुणी विचारलं की सांगायची, लढाईला नाही गेलेत, शांतीसाठी गेलेत, येतील दोन-तीन महिन्यांत.

ऑक्टोबरमध्ये ज्या एलटीटीईची, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोरांची, हत्यारं गोळा करायला आपण गेलो होतो त्यांच्याशीच जाफन्यात लढाई जुंपली, ऑपरेशन पवन. आणि इकडे तेव्हा वर्ल्ड कप चालू होता! ५ नोव्हेंबरला वानखेडेवर सेमीफायनल, अख्खी चाळ एका टीव्हीसमोर, इंग्लंडच्या गूचने स्वीप मारून मारून सेंच्युरी ठोकली आणि आपण हरलो, मोठी माणसं रडली त्या दिवशी. मी पण रडले. पण मला आठवतं ते हे की आई आतल्या खोलीत ट्रान्झिस्टर कानाला लावून बसली होती आणि ती मॅच ऐकत नव्हती. मी चाळीला दोष देत नाही, खरंच देत नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याच महिन्यात २५ तारखेला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याच रायफलीने त्याला मारून मग गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला माणूस. चाळीत कुणाच्या तोंडी त्यांचं नाव मी ऐकलं नाही.

बाबांची पत्रं ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्याने जायची-यायची, कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. पत्राची वाट बघायची आणि तारेची भीती. तारवाला सायकलवरून यायचा, चाळीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली की आईचं लाटणं थांबायचं. तो पुढे निघून गेला की परत सुरू. मी ते लाटणं थांबणं अजून ऐकू शकते.

आता कामाचं सांगते कारण माझ्या उत्तराचा अर्धा भाग तिथून येतो. मी बावीस वर्षं मार्केट रिसर्चमध्ये आहे, महापेला फोनवर सर्व्हे करायला लागले, आता सुपरवायझर आहे. साबण, इन्शुरन्स, मोबाइल, असलेच सर्व्हे, राजकारणाचे नाहीत. पण लोकांचं मत म्हणजे काय चीज आहे ते या कामात कळतं. माणूस ज्या गोष्टीचे पैसे स्वतः भरतो तिच्याबद्दल विचारलं तर उत्तर पटकन येतं आणि महिन्याने परत विचारलं तरी साधारण तेच येतं. ज्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही तिच्याबद्दलही उत्तर येतं, पण ते प्रश्न कसा विचारला त्यावर हलतं, काल टीव्हीवर काय दाखवलं त्यावर हलतं. आणि खरं प्रामाणिक उत्तर असतं ते आमच्याकडे डीकेसीएसमध्ये टाकतात, म्हणजे माहीत नाही, सांगता येत नाही.

अमेरिकेतले आकडे मी या नजरेने बघते. नोव्हेंबर २००१ मध्ये गॅलप या तिकडच्या सर्व्हे कंपनीने विचारलं की अफगाणिस्तानात सैन्य पाठवणं ही चूक होती का, तर शंभरात फक्त नऊ जण हो म्हणाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये हो म्हणणारे ४९ आणि नाही म्हणणारे ४८. म्हणजे देश बरोबर मधोमध फाटला होता, आणि तरी पुढे आणखी सात वर्षं सैन्य तिथेच! कारण लोकांचं मत होतं पण त्या मताला घाई नव्हती. घाई कुणाला असणार, तिकडे शंभरात एकही माणूस सैन्यात नाही. आपल्याकडे तर हिशोब केला तर हजारात एक येतो, आणि तो एकसुद्धा सगळीकडे सारखा वाटलेला नाही, आमच्या बाबांच्या गावात घराघरात निघतो आणि ऐरोलीच्या आमच्या सेक्टरमध्ये शोधावा लागतो.

मग एप्रिल २०२१ मध्ये बायडेननी जाहीर केलं की सैन्य परत आणणार, तेव्हा एका पोलमध्ये ६९ टक्के लोक बाजूने होते. ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हातात पडताना त्याच पोलमध्ये ४९. निर्णय तोच, चार महिन्यांत वीस टक्के गळाले, कारण आता चित्रं दिसत होती. पण त्याच महिनाअखेरीला प्यू या दुसऱ्या संस्थेचा सर्व्हे आला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्यात ५४ टक्के म्हणाले निघण्याचा निर्णय बरोबर होता, ४२ टक्के म्हणाले चूक, पण लोकांना बाहेर काढायचं काम सरकारने चांगलं केलं असं म्हणणारे फक्त २६ टक्के. म्हणजे साध्या माणसांना दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, निघावं का आणि निघालो कसे. आमच्या गेटवरच्या काकांच्या प्रश्नात त्या दोन्ही एकत्र झाल्या होत्या, आणि त्यात तिसरी मिसळली होती, बलिदानाची.

तर बलिदानाबद्दल. व्हिएतनामचं बघा, तिथे तर सक्तीची भरती होती, कुणाच्याही मुलाला पत्र येऊ शकत होतं, म्हणून लोकांचं मत लवकर फिरलं. १९६५ मध्ये शंभरात २४ जण युद्धाला चूक म्हणत होते, ऑगस्ट १९६८ मध्ये ५३. निम्म्याहून जास्त देश चूक म्हणाला! पण अमेरिका ज्याने बाहेर पडली तो पॅरिसचा करार झाला जानेवारी १९७३ मध्ये. त्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक गेले आणि त्यातले २० हजारांहून जास्त या चूक म्हटल्यानंतरचे आहेत. व्हिएतनामी माणसं किती गेली ती तर या हिशोबात धरलेलीच नाहीत. आता मला सांगा, आधी गेलेल्यांचं वाया जाऊ नये म्हणून हे नंतरचे वीस हजार पाठवले, मग यांचं वाया जाऊ नये म्हणून अजून किती पाठवायचे होते? ज्याच्या घरून कुणी जाणार नाही त्याला हा हिशोब सोपा जातो. आमच्या घरात तो कुणी कधी मांडला नाही.

बाबांचा एक जोडीदार होता, माण तालुक्याकडचा, त्यांच्याच सेक्शनमधला. १९८९ च्या जूनमध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीर सांगितलं की भारतीय सैन्याने जुलैअखेर निघून जावं, मग तारखेवरून दिल्ली आणि कोलंबोत ओढाताण सुरू झाली. ती ओढाताण चालू असताना एका सकाळी तुटलेली लाइन जोडायला हा माणूस गेला आणि सुरुंगाने गेला. निघायला सांगून झालं होतं, फक्त कधी एवढंच ठरायचं होतं. बाबा याबद्दल आयुष्यात दोनदाच बोलले. दुसऱ्यांदा मी मोठी झाले होते आणि मी मूर्खासारखा काकांचाच प्रश्न त्यांना विचारला, की मग तो कशासाठी गेला. ते म्हणाले, "तो लाइन जोडायला गेला. आम्ही तिकडे पंचवीस जण त्या लाइनवर अवलंबून होतो. पुढं दिल्लीनं काय केलं त्यानं त्याचं कमी होत नाही आणि जास्तपण होत नाही." माझं उत्तर खरं तर हेच आहे, बाकी सगळं मी त्याच्याभोवती जमवलंय.

आणखी एक गोष्ट मला फार नंतर वाचताना लक्षात आली आणि ती अजून टोचते. शांतिसेनेने राहावं की जावं यावर लोकांचं मत घेतलं गेलं ते श्रीलंकेत. डिसेंबर १९८८ च्या त्यांच्या निवडणुकीत प्रेमदासा आणि सिरिमावो बंदरनायके, समोरासमोरचे दोघेही, भारतीय सैन्याला घालवू असंच सांगत होते. आणि आपली निवडणूक नोव्हेंबर १९८९ मध्ये झाली तेव्हा कोपरीत आमच्या नाक्यावरच्या सभांमध्ये सगळं बोफोर्स तोफांच्या घोटाळ्याचं. ऐन भरात सत्तर हजारांच्या वर सैन्य समुद्रापलीकडे होतं, साधारण १,२०० जवान गेले, आणि चाळीत मतं मागायला आलेल्यांपैकी एकानेही आईला विचारलं नाही की बाई तुमचं काय मत. आपल्याकडे तेव्हा पोल घेतला असता तर मला वाटतं डीकेसीएसच सगळ्यात वर आलं असतं. जाफन्याच्या माणसांना तर दोन्हीकडून कुणी विचारलं नाही. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्स, पेशंट मिळून साठाहून जास्त लोक मारले गेले, आरोप आपल्या सैन्यावर आहे, आणि फौजीची मुलगी म्हणून ते वाचताना मला पुस्तक मिटावंसं वाटलं होतं, पण वाचलं. लांब परदेशी जाऊन राहिलेल्या सैन्याचं हेपण होतं, पाठवणाऱ्यांनी हेपण मोजायला पाहिजे.

शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. जहाजं मद्रासला आली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, त्यांची त्यामागची कारणं त्यांनी उघड सांगितली होती, तमिळ माणसांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत करणार नाही म्हणून. बाबा त्याच महिन्यात परतले. मद्रासहून दादर, दादरहून लोकलने ठाणे, काळी ट्रंक खांद्यावर घेऊन कोपरीच्या बाजूला उतरले. चाळीतल्या एका शेजाऱ्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "काय, बऱ्याच दिवसांनी सुट्टी मिळाली? कुठं होतं पोस्टिंग?" बाबा म्हणाले, मद्रासकडे. बस. मला वाटतं त्यांना श्रीलंका म्हटल्यावर पुढचे प्रश्न नको होते, किंवा पुढचे प्रश्न येणारच नाहीत याची भीती असेल, मी विचारायला हवं होतं. २०१६ ला बाबा गेले.

परत बोलावल्याचं त्यांना कधीच वाईट वाटलं नाही हे मात्र मी ठामपणे सांगते. वाईट वाटलं ते एवढंच, की गेलो तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं आणि आलो तेव्हाही नव्हतं.

काहीजण मला पुढे विचारतात, की ठीक आहे, पण अफगाणिस्तानातल्या मुलींचं काय. इथे माझं उत्तर अडतं. सैन्य निघाल्यावर सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये युनिव्हर्सिटीपण बंद झाली. माझी भाची कॉलेजला जाते, मी याच्यावर सरळ चेहऱ्याने "तरी निघणंच बरोबर" असं म्हणू शकत नाही. मी एवढंच म्हणते की वीस वर्षं होती आणि त्या वीस वर्षांत अफगाणिस्तानचे स्वतःचे ६० हजारांहून जास्त सैनिक-पोलीस मेले, आणि एकविसावं वर्ष राहिलं असतं तर शाळा टिकल्या असत्या आणि बाविसावं लागलं नसतं असं मला कुणी दाखवून दिलं तर मी ऐकायला तयार आहे. आजपर्यंत कुणी दाखवलं नाही. पण हा प्रश्न मी डीकेसीएसमध्येच ठेवलाय, खोटं कशाला बोलू.

त्याच ऑगस्टमध्ये २६ तारखेला काबूल विमानतळाच्या गेटवर बॉम्बस्फोट झाला, १७० च्या आसपास अफगाणी गेले आणि अमेरिकेचे १३ सैनिक. दोन-तीन दिवसांनी टीव्हीवर त्या तेरा जणांचे फोटो दाखवत होते, त्यातले पाच जण वीस वर्षांचे, म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा पाळण्यात. आई तेव्हा माझ्याकडेच होती. तिने फोटो बघितले, मग मला विचारलं, "यांच्या घरी अजून तार जाते का गं?" मी सांगितलं, नाही, तिकडे गाडीतून युनिफॉर्ममधली दोन माणसं येतात आणि दारात उभी राहून सांगतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्या आया गाडी थांबली की घाबरत असतील."