परभणी ते सुरत: पेट्रोलच्या दराचा माग

महाराष्ट्रात सर्वांत महाग पेट्रोल कोठे मिळते, अशी चर्चा निघाली की गेली अनेक वर्षे परभणीचे नाव पुढे येते. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोलचा दर लिटरला १२० रुपये ५१ पैशांवर पोहोचला, तेव्हा परभणीत तो १२३ रुपयांच्याही वर गेला होता. ज्या जिल्ह्यात मोठे कारखाने फारसे नाहीत आणि बहुतेकांचे पोट कापूस, सोयाबीन आणि ज्वारीवर चालते, त्या जिल्ह्याने राजधानीपेक्षा महाग इंधन का घ्यावे, हा प्रश्न येथे राहणाऱ्या माझ्यासारख्यांना रोजच पडतो. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये सुरतेतील उधन्याला थोरल्या बहिणीकडे जाण्याचा योग आला, तेव्हा मी रेल्वेऐवजी स्वतःच्या गाडीने जायचे ठरवले. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, मालेगाव, धुळे, नवापूर आणि सुरत या एकाच वाटेवर आगारापासून दूरचे गाव, इंधनाचे आगार, राज्याची सीमा आणि स्वस्त दराचे शेजारी राज्य हे सारे ओळीने भेटते.

निघण्याआधी गावातल्याच पंपावर थांबलो, तेव्हा रात्रभर प्रवास करून आलेला टँकर रिकामा होत होता. चालकाने आधी टँकरला अर्थिंगची तार जोडली, व्यवस्थापकांनी झाकणांवरची सिले मालासोबत आलेल्या चलनावरच्या, म्हणजे पावतीवरच्या, क्रमांकांशी ताडून पाहिली आणि मग डिप रॉड आत सोडून प्रत्येक कप्प्यातली पातळी मोजली. काचेच्या उभ्या भांड्यात थोडे पेट्रोल घेऊन त्यात हायड्रोमीटर आणि तापमापक बुडवला गेला. त्यावरून काढलेली घनता चलनावरच्या घनतेशी जुळली, तेव्हाच नळी जोडायला परवानगी मिळाली. हे सारे होईपर्यंत बराच वेळ गेला आणि तेवढ्या वेळात व्यवस्थापकांशी बोलता आले. "साहेब, हा माल मनमाडजवळच्या पानेवाडी आगाराचा. काल संध्याकाळी भरला, रात्रभर चालून आला. त्याचं भाडं आमच्या दरातच धरलेलं असतं," असे ते म्हणाले. त्या दिवशी फलकावर पेट्रोलचा दर १०६ रुपयांच्या पुढे होता आणि मुंबईत तो १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होता.

जिंतूर, मंठा, वाटूर या रस्त्याला लागलो, तेव्हा शेतांतून ज्वारी हुरड्याला आली होती आणि तुरीची खळी सुरू होती. वाटेतल्या पंपांचे फलक पाहत गेल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात येते. दर एकदम कोठेच उतरत नाही. कोठे दहा पैसे, कोठे वीस पैसे असा तो हलतो, आणि एकाच शहरातल्या दोन पंपांवरही काही पैशांचा फरक असतो. पुष्कळांना वाटते की हा फरक पंपचालक मनाप्रमाणे ठेवतो, पण तसे नाही. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहाला लागू होतात आणि तेल कंपनी प्रत्येक पंपाचा दर आगारापासूनचे त्याचे अंतर धरून ठरवते. पंपचालकाचे कमिशनही कंपनीनेच ठरवून दिलेले असते, त्यामुळे फलकावरचा आकडा बदलणे त्याच्या हातात नसते.

मनमाडजवळचे पानेवाडी हे मराठवाडा, खानदेश आणि नाशिक भागाच्या इंधनाचे कोठार आहे. मुंबईच्या माहुल भागातील तेलशुद्धीकरण प्रकल्पातून निघालेली नळवाहिनी सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर कापून येथे येते आणि पुढे इंदूरजवळच्या मांगल्यावरून दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत जाते. आगारांच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लागलेली टँकरची रांग पाहिली म्हणजे आपल्या जिल्ह्याची नाडी कोठे आहे ते कळते. जानेवारी २०२४ मध्ये 'हिट अँड रन'च्या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी काम थांबवले, तेव्हा येथून टँकर निघेनात आणि कित्येक जिल्ह्यांतल्या पंपांवर लोकांनी रात्री उशिरापर्यंत रांगा लावल्या होत्या.

नळवाहिनीतून इंधन वाहून नेण्याचा खर्च लिटरमागे फार थोडा येतो. टँकरने तेच अंतर कापायला चालक, डिझेल, टायर, पथकर आणि परतीची रिकामी फेरी या सगळ्यांचा खर्च मोजावा लागतो. म्हणून मुंबई ते मनमाड हे अंतर दराला फारसे जाणवत नाही, पण मनमाड ते परभणी हे सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर मात्र जाणवते. माझ्या मते परभणीच्या दराचे निम्मे उत्तर येथेच आहे. उरलेले निम्मे उत्तर करात आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. केंद्राचे उत्पादन शुल्क ठरावीक रुपयांत असते. मी प्रवास केला तेव्हा ते पेट्रोलवर लिटरला १९ रुपये ९० पैसे होते आणि श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्वत्र तेवढेच होते. राज्याचा मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, मात्र टक्केवारीने लागतो आणि ती टक्केवारी वाहतूक खर्च धरून झालेल्या किमतीवर मोजली जाते. वाहतुकीचे दोन रुपये वाढले, तर पंचवीस टक्क्यांनी त्यावर आणखी पन्नास पैसे कर चढतो. आगारापासून लांब असणे हा ग्राहकाचा दोष नाही. तरीही त्या लांबीवर त्याच्याकडून कर घेतला जातो, हे मला सरळ अन्यायाचे वाटते.

मालेगाव आणि धुळे मागे टाकून साक्रीच्या रस्त्याला लागलो. कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडीला आलो, तेव्हा दुपार कलली होती. येथपर्यंत, म्हणजे शेकडो किलोमीटर चालूनही, पेट्रोलचा दर परभणीहून फार तर दीड-दोन रुपयांनी उतरला होता. नवापूर ओलांडले आणि गुजरातच्या तापी जिल्ह्यात उच्छलच्या बाजूला पहिल्या पंपावर गाडी लावली, तर फलकावर ९५ रुपयांच्या आतला दर होता. चहा घ्यायलाही थांबावे लागणार नाही एवढ्या अंतरात लिटरमागे जवळजवळ दहा रुपयांचा फरक पडला होता.

या भागात दोन राज्ये किती खेटून आहेत, हे नवापूरच्या रेल्वेस्थानकावर दिसते. स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, बसायच्या बाकावरही सीमारेषा रंगवलेली आहे, आणि गाड्यांची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. पंपावर माझ्या आगेमागे उभ्या असलेल्या बहुतेक दुचाकींवर एमएच ३९, म्हणजे नंदुरबारचा क्रमांक होता. मुलीला कॉलेजातून आणायला निघालेल्या एका गृहस्थांशी बोललो, तेव्हा त्यांनी सांगितले की गावातले लोक टाकी भरायला इकडेच येतात आणि त्यात विशेष असे कोणाला वाटतही नाही.

हा फरक अंतराने पडलेला नाही. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि त्याखेरीज लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार आहे, तर गुजरातेत १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर आहे. १ जुलै २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत व्हॅट २६ टक्के होता. तो इतर महाराष्ट्राच्या पातळीवर आणला गेला, तेव्हा महानगरांना दिलासा मिळाला, परभणीच्या दराला मात्र हातही लागला नाही. अधिभाराचा इतिहास तर आम्हाला विशेष टोचतो. २०१५ च्या दुष्काळात मदतनिधी उभा करण्यासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये बसवले गेले होते, आणि ज्या मराठवाड्यात तेव्हा प्यायला पाणी नव्हते तोही ते पंपावर भरत होता.

त्याच पंपावर डिझेलचा फलक पाहिला आणि मला हा सारा विषय अधिक स्वच्छ दिसला. पेट्रोलमध्ये दहा रुपयांचा फरक असताना डिझेलमध्ये दोन्ही राज्यांत तो रुपया-दोन रुपयांचाच होता. सीमा तीच, रस्ता तोच, टँकरही तेच. मग एकात एवढा आणि दुसऱ्यात एवढासा फरक का? कारण राज्ये दोन्ही इंधनांवरचे कर वेगवेगळे ठरवतात. मालवाहतूक करणारा ट्रक कोणत्या राज्यात टाकी भरायची ते निघण्याआधी ठरवू शकतो आणि एका वेळी शेकडो लिटर घेतो. शेजाऱ्याहून डिझेल महाग ठेवले, तर राज्याचा महसूलच सीमेपलीकडे जातो. परभणीच्या शिक्षकाला किंवा दूधवाल्याला दुचाकीत दोन लिटर टाकण्यासाठी गुजरातेत जाता येत नाही, आणि म्हणून पेट्रोलवरचा कर चढा ठेवणे सरकारला परवडते, असे माझे मत या प्रवासात पक्के झाले.

सोनगड, व्यारा, बारडोली करत रात्री उधन्याला पोहोचलो. तेथे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि सणावाराला गावी निघताना टाकी काठोकाठ भरून निघायचे हा त्यांचा परिपाठ आहे. जेवताना भाऊजींनी विचारले की हे सारे जीएसटीत आणले तर देशभर एकच दर होईल का. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन बाहेर ठेवले गेले; या कमाईवर राज्यांचा स्वतःचा हक्क आहे आणि तो सोडायला ती तयार नाहीत. राज्याने मनात आणले तर किती फरक पडतो याची उदाहरणे मात्र आहेत. गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि दर एका फटक्यात अकरा रुपयांच्या आसपास उतरला. पुढे तो कर पुन्हा वाढला, तरी सावंतवाडी-बांद्याकडची माणसे आजही गोव्याच्या सीमेवरचे पत्रादेवी ओलांडून टाकी भरतात. जीएसटी आला तरी वाहतुकीचे पैसे उरतीलच, असे मी भाऊजींना म्हणालो. पण तेही बदलता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची फेरआखणी जाहीर केली, तेव्हा ओडिशातल्या मालकानगिरीच्या दुर्गम गावांत पेट्रोल साडेचार रुपयांहून अधिक स्वस्त झाले. वाहतुकीचा बोजा सगळ्या ग्राहकांत वाटून घ्यायचा की ज्याच्या गावाला टँकर लांबून येतो त्याच्याच माथी मारायचा, हे माणसेच ठरवतात.

परतताना उच्छलला टाकी भरून घेतली. नवापूर आणि नंदुरबारला निदान शेजारी गुजरात आहे. मराठवाड्याला तीही सोय नाही, कारण नांदेडपलीकडे तेलंगणात व्हॅट ३५ टक्क्यांच्या पुढे असून पेट्रोल महाराष्ट्राहूनही महाग आहे. वाहतूक खर्चावर व्हॅट आकारू नये आणि मालकानगिरीला लावलेला न्याय परभणीलाही लावावा, या दोन मागण्या मी गावातल्या पंपावरच्या त्या व्यवस्थापकांना लिहून दाखवल्या. त्यांनी पहिलीखाली पंपचालकांच्या संघटनेच्या जुन्या निवेदनांची तारीख लिहून दिली आणि दुसरी पुढच्या बैठकीत मांडायचे कबूल केले.