हंड्यावरचं साल

आमच्या घराण्याचा इतिहास दोनच ठिकाणी लिहिलेला आहे, सातबाऱ्यावर आणि भांड्यांवर. सातबाऱ्यावर पुरुष, भांड्यांवर बायका. पुरंदरातल्या कोरडवाहू घरात तिसरा कागद असायचं कारणच नव्हतं. कोण कधी जन्मलं हे विचारलं, की उत्तर मिळायचं ‘मानमोडीच्या साली’ किंवा ‘थोरला बैल दगावला त्या साली’. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, हे नंतर कळतं. बैलाचा शोध लागत नाही.

वाटणीत जमीन भावांकडे गेली आणि आजीचा तांब्याचा हंडा माझ्याकडे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये आला. तो ठेवायला जागा नव्हती म्हणूनच बाकी कुणी मागितला नाही. चिंच-मिठानं घासताना गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. आजीचं माहेरचं, पाळण्यातलं नाव. सासरी ते बदललं आणि पुढं कुणी उच्चारलंही नाही. त्याखाली ‘शके १८५१ फाल्गुन’.

भांड्यावर नाव घालायची पद्धत हौसेची वाटते, पण तिच्यामागं रोकडा व्यवहार होता. गावातल्या लग्नाला भांडी गावातूनच गोळा व्हायची. अमक्याची परात, तमक्याचं घंगाळ, तिसऱ्याचं तपेलं. मांडव उतरला की ज्याचं त्याला परत करताना भांडणं नकोत, म्हणून खूण हवी. पण हा हंडा लेकीला द्यायचा, म्हणून त्यावर नाव आलं बापाऐवजी लेकीचं.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण फाल्गुन वर्षाच्या शेवटी पडतो, म्हणून ७९. म्हणजे मार्च १९३०. मी तारीख जुळवून हरखले होते, आणि आत्या पलंगावरून शांतपणे म्हणाली, “मग! कायद्याच्या भ्यानं उरकलं की लगीन.”

हरविलास सारडांचा बालविवाहाविरुद्धचा कायदा १९२९ च्या सप्टेंबरात मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलगी चौदाची हवी, मुलगा अठराचा. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. समाज सुधारावा म्हणून केलेल्या कायद्यानं आधी भरपूर बालविवाह लावून दिले. कायदा मोडून लावलेलं लग्न रद्द ठरत नव्हतं, शिक्षा लावणाऱ्याला होती, आणि तक्रार केल्याशिवाय कुणी विचारायला येत नव्हतं. हे बारकावे गावात पोचले नाहीत. पोचलं ते एवढंच, की ‘एक एप्रिलनंतर सरकार धरून नेतं.’

“आई पाच वर्सांची,” आत्या सांगते. “मामानं कडंवर घेऊन उभी केली. मंगलाष्टकं चालली तवा ती झोपलीवती. अक्षदा डोळ्यात गेल्या म्हून उठली आन् रडाया लागली. समद्यांना वाटलं, सासरला जायाचं म्हून रडती.”

सासरी ती लगेच गेलीच नाही. नांदायला गेली न्हाण आल्यावर. तोवर हंडा माहेरीच पाणी भरत होता, आणि बुडाजवळचा पोचा त्या काळातला, धाकट्या भावाचा प्रताप. आजीनं तो पोचा सासरी कधीही काढू दिला नाही असं आत्या म्हणते. मला वाटतं, काढायला पैसे पडत होते.

तांबं आलं पुण्याहून, कसबा पेठेतल्या तांबट आळीतून. पणजोबा बैलगाडी जुंपून दिवे घाट उतरले आणि बस्ता, भांडी, गूळ एकाच खेपेत घेऊन चढले. एवढं सगळं उधारीवर असणार. शेतकरी लग्नापायी बुडतो, हे ऐकत आपण वाढलो. पण १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, त्या दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशननंही लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिलं जातं असंच म्हटलं होतं. सारा, व्याज आणि बेभरवशाचा पाऊस यांच्यापुढं एक हंडा तो काय! शिवाय आमच्याकडं मांडव एकच होता आणि नवऱ्या दोन. आजीची थोरली बहीण त्याच मांडवात उजवली. जेवण एक, वाजंत्री एक, हळद एकाच जात्यावर दळलेली. कायद्यानं एवढी बचत मात्र करून दिली.

शेतकऱ्याचं लग्न तसंही पंचांगाआधी पिकाला विचारून ठरायचं. रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली, बैल मोकळे झाले, रानं रिकामी झाली, की मांडव. मग उंबराच्या फांदीची मुहूर्तमेढ, मुसळाला आंब्याची पानं बांधून घाणा, आणि देवक. देवक म्हणजे त्या त्या कुळाचं झाडपान: कुणाचा कळंब, कुणाची पंचपालवी. दोन्हीकडचं देवक एक निघालं तर सोयरीक होत नसे, ती भाऊबंदकी ठरे. आमच्या एका चुलत आजीचं ठरलेलं लग्न सुपारी फुटल्यावर याच कारणानं मोडलं. आडनावं वेगळी, गावं वेगळी, पालवी एक. आपले पूर्वज वंशावळ लिहीत नव्हते, पण झाडं लक्षात ठेवत होते.

भटजींची त्या फाल्गुनात चंगळ झाली असणार. एका गावातून दुसऱ्या गावात धावतच मुहूर्त गाठले असतील. सगळीकडं त्यांच्यावाचून अडतच होतं असंही नाही. पुण्यात १८७३ साली सत्यशोधक समाज निघाल्यापासून जोशाशिवाय लग्नं लागत होती. ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी तशी लावली, तेव्हा ग्रामजोशी हक्कासाठी कोर्टात गेले आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत पोचलं. आमच्याकडं कोण होतं? आत्याला विचारलं तर म्हणाली, “भटजी हुता. दक्षिणेवरनं हटून बसलावता, तेवढं आई सांगायची.” आजीला हे झोपेत कसं कळलं, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यंदा भाचीचं लग्न आहे, सासवड रस्त्याच्या एका लॉनवर. मांडव नाही, म्हणून मेढ कुंडीत रोवायची असं ठरलंय. मुलगा-मुलगी दोघंही तिशीला टेकलेत, त्यामुळं कायदा निश्चिंत आहे. भाचीला स्टीलचं काही नको होतं. तिनं तांब्याची घागर पसंत केली आणि नाव घालायला आम्ही रविवार पेठेत गेलो. आत्या हट्टानं बरोबर. नाव घालणारा आता यंत्रानं कोरतो, पण पैसे अक्षरामागं घेतो. भाचीनं मजकूर दिला: स्वतःचं नाव, माहेरचं आडनाव, आत्याकडून सप्रेम भेट, तारीख. आत्यानं ‘शके’ही घालायला लावलं. त्यानं अक्षरं मोजून आकडा सांगितला. आत्यानं पिशवीचा बंद पुन्हा आवळला.

“सप्रेम भेट काढ,” ती म्हणाली. “आत्याकडून बी काढ. साल ऱ्हाऊ दे.”