नेवाडात खाणीचा क्लेम नोंदवताना : माझा अनुभव

व्यवसायाने मी भूवैज्ञानिक असून अनेक वर्षे इतरांच्या क्लेमचे, म्हणजे सरकारी जमिनीच्या ठरावीक तुकड्यातले खनिज काढण्याच्या हक्काचे, नकाशे काढत आलो. स्वतःच्या नावावर मात्र क्लेम घेता येत नव्हता, कारण अमेरिकेचा 1872 चा खाण कायदा हा अधिकार तिथल्या नागरिकाला किंवा नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर करणाऱ्यालाच देतो. नागरिकत्व मिळाल्यानंतर, 2025 च्या वसंतात, नेवाडातील सरकारी जमिनीवर सोन्याचे अंश असलेली क्वार्ट्झची शीर मला सापडली. ती जमीन क्लेमसाठी खुली असल्याची ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या नोंदींवरून खात्री केली आणि जागेवर खांब रोवून त्यावर क्लेम घेतल्याची सूचना लावली.

सूचनेवरची तारीख हीच पुढच्या साऱ्या मुदतींची सुरुवात असते. 60 दिवसांत चारही कोपऱ्यांवर खुणा उभारायच्या होत्या. क्लेम शिरेच्या लांबीने 1500 फूट आणि तिच्या दोन्ही बाजूंना 300 फुटांपर्यंतच घेता येतो. मी लाकडी खांब वापरले. उघड्या तोंडाच्या प्लास्टिक नळ्यांत पक्षी शिरतात आणि गुळगुळीत भिंतींमुळे बाहेर येऊ न शकल्याने आत मरतात, म्हणून अशा नळ्यांना नेवाडात मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

90 दिवसांच्या आत क्लेमचे प्रमाणपत्र व नकाशा काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, आणि स्वतंत्रपणे ब्यूरोकडेही दाखल करावा लागतो. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. माझ्या नकाशावर आणि प्रमाणपत्रात सेक्शनचे, म्हणजे सरकारी मोजणीतल्या जमिनीच्या चौकोनाचे, क्रमांक वेगळे पडले होते. दाखल करण्यापूर्वी पुन्हा ताडून पाहिले म्हणूनच ही माझी चूक सापडली, आणि ती दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले.

मुदतींबाबत मी इतका काटेकोर झालो तो लॉक या क्लेमधारक कुटुंबाच्या खटल्यामुळे. ‘31 डिसेंबरपूर्वी’ द्यायची वार्षिक कागदपत्रे त्यांनी 1980 मध्ये नेमक्या 31 डिसेंबरला दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कित्येक वर्षे खणलेले क्लेम एका दिवसाच्या उशिरापायी सोडून दिलेले ठरवले गेले होते. हा निकाल मला आजही कठोर वाटतो.

आता दर क्लेममागे वर्षाला 200 डॉलर शुल्क 1 सप्टेंबरपर्यंत भरावे लागते. पुढच्या वर्षाचे शुल्क मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच भरले आणि पावती क्लेमच्या फाइलमध्ये लावली.