पान ६१

२७ मे

मामीच्या गावाहून परत येऊन चार दिवस झाले. बॅग अजून हॉलमध्येच उभी आहे. अवि तिला वळसा घालून जातो, काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडणात एक सकाळ गेली असती. त्याऐवजी रोज साडेसहाला लॅपटॉप उघडते, नव्या कादंबरीचं प्रकरण चौदा उघडते आणि त्यातली म्हातारी जिथे तोंड उघडणार त्या ओळीवर कर्सर लुकलुकत ठेवून चहा पिते. चहा संपतो. दुसरा टाकते.

जाण्याआधी ४१,२०० शब्द होते. आज ४०,६५०. सुट्टीवरून आल्यावर माणसांचं वजन वाढतं, माझ्या कादंबरीचं घटलं.

कारण मला माहीत आहे, पण ते इतकं फुटकळ आहे की अविलासुद्धा नीट सांगता आलं नाही. कारण आहे पान ६१.

नऊ दिवस काहीही लिहायचं नाही असं ठरवून गेले होते. फक्त वाचायचं. तीन पुस्तकं नेली. एक तो जाडजूड रशियन अनुवाद, जो गेली दोन वर्षं मी ‘वाचतेय’. आंबोली घाट उतरेपर्यंत त्याची बारा पानं झाली, त्यातली सात मागच्या वेळी झालेलीच होती. दुसरा एका समवयस्क लेखिकेचा कथासंग्रह, जो चांगला असू नये अशी मनोमन इच्छा होती. चांगला निघाला. चौथ्या कथेनंतर मिटला. त्याबद्दल नंतर कधीतरी. तिसरं पुस्तक बॅगेतून बाहेरच आलं नाही.

सुमामीचं घर आहे तसंच आहे. म्हणजे नाही, पण वाटणीच्या कागदांबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय. पडवीत आईची ट्रंक आहे. तिच्यावर आता इन्व्हर्टर ठेवलाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली, तेव्हा संध्याकाळी गावातल्या वाचनालयात गेले. ‘ड’ वर्गाचं असावं, दोन कपाटं, एक लांब बाक, वर्तमानपत्रं लाकडी पट्टीत अडकवलेली. कादंबऱ्यांच्या कपाटात खालून दुसऱ्या खणात माझं पुस्तक होतं. पहिल्या पानावर राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानचा शिक्का. म्हणजे सरकारी खरेदीतून आलेलं, कुणी मागवलेलं नाही, हे मला लगेच कळलं. तरी छातीत काहीतरी झालंच. मामीच्या कार्डावर घरी आणलं. आपलंच पुस्तक वाचनालयातून आणायचं हा बावळटपणा रात्री मच्छरदाणीत शिरल्यावर जाणवला.

नवव्या पानावर ‘कशाला’ या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. वर, बारीक आणि सुबक अक्षरात, ‘कित्याक’.

चौदाव्या पानावर माझा बाबल्या म्हणतो, ‘आयलो’. ते खोडून ‘इलो’. आणि समासात, ‘गोंयचो काय?’

बाविसाव्या पानावर ‘गप रहा’चं ‘गप रव’. सदतिसाव्यावर ‘थोडं’चं ‘वायच’. अशा एकूण तेवीस दुरुस्त्या. मी मोजल्या. प्रत्येक बरोबर. माझी मालवणी अर्धी आजीकडून आणि अर्धी ‘वस्त्रहरण’च्या कॅसेटवरून आलेली, मधली भोकं पुण्याच्या मराठीनं बुजवलेली, आणि कुणीतरी शांतपणे एकेका भोकावर बोट ठेवलं होतं. राग नव्हता त्या अक्षरात. ‘ल’ पाकळीचा, जुन्या वळणाचा. मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याचं शुद्धलेखन तपासावं तशी पेन्सिल.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही हकीकत चारचौघांत हसून सांगितली असती. पण अठ्ठेचाळिसाव्या पानावर माझी म्हातारी नवऱ्याच्या तेराव्याला दारात बसून म्हणते, ‘दर्यान दिल्यान, दर्यानच नेल्यान.’ ही ओळ पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापली आहे. दोन परीक्षणांत उचललेली आहे. तिच्यात चूक एकही नाही, वाचकानंही काढलेली नाही. अख्ख्या ओळीखाली फक्त एक आडवी रेघ आणि समासात,

‘असा कोण बोलणा नाय.’

हेही मी पचवलं. खरंच. रात्री दीड वाजता पाणी प्यायले आणि पचवलं. कारण तेराव्याला माणसं काय बोलतात ते मला माहीत आहे. आईच्या वेळी मामी दारात बसून मांडववाल्याच्या खुर्च्या मोजत होती, दोन कमी भरत होत्या.

मग पान ५८ वर शेवटची दुरुस्ती. मग ६१ चा कोपरा दुमडलेला. आणि त्यानंतर काही नाही. पुस्तक १८४ पानांचं आहे.

पहिला विचार मनात आला तो असा, की पुढे चुका नसतील. किती गोड. पान ६४ वर एकाच संभाषणात तीनदा ‘कशाला’ आहे. पान ७० वर बाबल्या पुन्हा गोव्याचा होतो. ७० ते १८४ मध्ये मी स्वतः पेन्सिल न घेता नुसत्या नजरेनं तीसेक चुका काढल्या. सगळ्या अस्पर्श. म्हणजे वाचणारा ६१ वर थांबला. चुकांना कंटाळला असता तर विसाव्या पानावरच कंटाळला असता. तेवीस वेळा पेन्सिल उचलणारं माणूस कंटाळखोर नसतं. त्याला माझ्या म्हातारीनं नीट बोलावं असं वाटत होतं. तिच्यासाठी तो माझ्याशी भांडत होता. आणि ६१ वर त्यानं भांडण सोडलं.

किंवा तो गोष्टीत इतका बुडाला की पेन्सिल विसरला. हा दुसरा विचार पहाटे चारला आला आणि पहाटे चारच्या विचारांची जी लायकी असते तीच त्याची.

५९ ते ६१ वर काय आहे ते मला बघायलाच नको होतं, पाठ आहे. पाऊस. अडीच पानं पाऊस, एकही माणूस नाही. हा उतारा मी कार्यक्रमांत वाचून दाखवत असे. माईकसमोर आवाज थोडा खाली आणून. लोक डोळे मिटायचे. आता वाटतं, झोपत असतील.

एक गोष्ट राहिली. १४२ आणि १४३ च्या मध्ये एसटीचं तिकीट होतं. मशीनचं, त्या गुळगुळीत कागदावरचं, अक्षरं पार उडालेली. उजेडात धरलं, तिरकं धरलं, मोबाइलचा टॉर्च मागून लावला. ना तारीख, ना कुठून कुठे. दुसरा कुणी वाचक असेल. किंवा तोच. किंवा कुणी तिकीट टाकायला जवळचं पुस्तक उघडलं असेल, हे सगळ्यात शक्य.

मग मी काय केलं? लाज वाटते, पण रोजनिशीत खोटं लिहून मिळवायचं काय. मामीच्या फडताळातल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या. ‘सोलां’, ‘कुळथाचा पीठ’, ‘तिरफळां’. अक्षर जुळलं नाही. मामीला दिलेली माझी सहीची प्रत शोकेसमध्ये आहे, टीव्हीच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत, धूळ बसू नये म्हणून. ‘वाचलंस गो?’ असं मी विचारलं नाही. ती उत्तर देईल याची भीती होती.

पाचव्या दिवशी आरवलीला वेतोबाला गेलो. मामीनं केळ्यांचा घड वाहिला. तिथे वहाणा वाहतात, हातभर लांबीच्या, चामड्याच्या. वेतोबा त्या घालून रात्री गावभर फिरतो आणि त्यांचे तळ झिजतात अशी श्रद्धा आहे. मी हात जोडून उभी होते आणि मनात चाललं होतं, बघ, देवाचंसुद्धा झिजलेल्या तळांवरून ओळखतात. माझी ६१ नंतरची पानं कोरी करकरीत. एकशे तेवीस पानं. तीन वर्षं घातली त्या पुस्तकाला. त्या तीन वर्षांत मी कुठे कुठे गेले नाही, कुणाकुणाला भेटले नाही, आईला फोनवर ‘आत्ता लिहितेय, मग करते’ असं किती वेळा…

असो.

परतताना शिरोड्याच्या मिठागरांवरून आलो. मिठाचे ढीग लागले होते, पावसाआधीची घाई. १९३० साली इथे सत्याग्रह झाला हे मामी दरवेळी सांगते, आणि दरवेळी ‘तुका म्हायत आसतलाच’ असं म्हणून मग सगळं सांगते. वि. स. खांडेकर इथे शिक्षक होते, १९२० ते १९३८, अठरा वर्षं. अठरा वर्षं या लोकांत राहून त्यांचं एखादं पात्र मालवणीत बोललेलं मला तरी आठवत नाही. सगळी छान, शुद्ध, सुभाषितांच्या चालीवर बोलतात. त्यांच्या समासात कुणी ‘असा कोण बोलणा नाय’ लिहिलं असेल का? लिहिलं असलं तरी काय बिघडलं, पुढे ज्ञानपीठ मिळालं. हे आठवून मला का कोण जाणे एकदम बरं वाटलं. मग त्याच रस्त्यावर आरवली, म्हणजे जयवंत दळवींचा गाव, हेही आठवलं आणि बरं वाटणं गेलं. त्या कानाच्या माणसापुढे पेन्सिल कुणी उचलली असती?

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक परत करायला गेले. बाकावर बसून शेवटचं चाळत होते. टेबलावर सुतळीला बांधलेली पेन्सिल होती, नोंदवहीसाठी. पान ६४ उघडलं आणि पहिल्या ‘कशाला’वर ‘कित्याक’ लिहिलं. दुसऱ्यावरही लिहिलं. कुणीतरी सुरू केलेलं काम आहे, पुढे न्यायला काय हरकत? तिसऱ्यावर सुतळी पुरेना म्हणून टेबलाकडे सरकले, तर ग्रंथपाल उभे.

“मॅडम, पुस्तकात लिहायचं नाही. आणि ते आधीच्या पानांवरचं? ते पण तुम्हीच लिहिलंत काय?”

हा प्रश्न विचारावा म्हणून माणूस आयुष्य घालवतो. मी म्हणाले, “नाही.”

त्यांनी खोडरबर काढून दिलं. मी माझे दोन ‘कित्याक’ खोडले. आधीचे तेवीस खोडायला ते स्वतः वळले तेव्हा मात्र मी पुस्तकावर हात ठेवला. म्हटलं, “राहू दे, बरोबर आहेत ते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग घड्याळाकडे. आठ वाजले होते.

घरी येऊन अविला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर की.” पुढच्या आवृत्तीत! पहिल्या पाचशेतल्या दीडशे प्रकाशकाच्या माळ्यावर आहेत. या माणसाला तिरकस बोलता येत नाही म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं, ते बरंच झालं.

तर आता प्रकरण चौदा. शिवाय काल संपादकांचा फोन, दिवाळीची कथा जुलैअखेर हवी. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याची फळं आम्ही दर मे महिन्यात पंख्याखाली घाम पुसत भोगतो. ‘ग्रामीण बाजाचं काहीतरी द्या, तुमचं ते कोकण,’ असं म्हणाले. माझं ते कोकण.

चार दिवसांत एवढंच केलं: नव्या कादंबरीतून साडेपाचशे शब्द उडवले. सगळा पाऊस होता. उडवताना वाईट वाटलं नाही हे बघून जरा दचकले. मग आज सकाळी म्हातारीची ती ओळ लिहिली. तिच्या मुलानं विहिरीवरचा पंप काढून नेलाय आणि ती सुनेशी बोलतेय. चार वेळा लिहिली. चारही वेळा ती माझ्यासारखी बोलली, फक्त क्रियापदांच्या शेपट्या बदलून. मग सरळ मामीला फोन लावला. म्हटलं, एक वाक्य वाचते, तू ऐक आणि सांग, असं कुणी बोलेल का.

वाचलं. पलीकडे शांतता. मी पुढचं वाक्य वाचलं. शांतता. सुनेचं उत्तर वाचलं. घशाला कोरड पडली होती, माईकसमोर कधी पडली नाही अशी. मामी ऐकत होती, श्वास ऐकू येत होता. म्हातारी परत बोलायला लागणार तेवढ्यात मागे कुठेतरी हाळी आली आणि मामी म्हणाली,

“थांब गो बाय, म्हावरेवाली इली. मगे फोन कर.”

ठेवलाच. बरोबरच आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, थेट ३१ जुलैपर्यंत. बोटांवर मोजलं तर ६१ दिवस. हा आकडा माझ्या पाठीच लागलाय.

मोबाइल हातात धरून बराच वेळ बसले आणि मग एकटीच हसायला लागले. अवि आतून बघून गेला. अडीच पानं पाऊस, ६१वं पान, दुपारची वेळ, पेन्सिल हातात, आणि दारात म्हावरेवाली. कोपरा दुमडायचा आणि उठायचं. ताजे बांगडे असतील तर कोण बसेल वाचत? मीही बसले नसते.

बॅग उपसली. तळाशी वाळू, मामीनं दिलेली सोलं आणि तो कथासंग्रह. पाचवी कथा वाचली. चांगली आहे, मेली.

रात्री साडेनऊला परत फोन करायचा आहे. पंपाच्या जागेपासून.