पलीकडचा डोळा

कल्पसूत्राच्या, म्हणजे तीर्थंकरांची चरित्रं सांगणाऱ्या जैन ग्रंथाच्या, जुन्या पोथीतलं एखादं पान दाखवलं, की तुम्ही हमखास विचारता, "हा दुसरा डोळा चेहऱ्याबाहेर का आलाय? चित्रकाराचा हात कच्चा होता का?"

आधी पान नीट बघा. उंची जेमतेम वीतभर, तीही भरत नाही. त्यातल्या एका चौकटीत महावीर पाच मुठींत स्वतःचे केस उपटताहेत आणि समोर इंद्र ते झेलायला हात पुढे करून बसलाय. मागे लाल, मधूनमधून अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा, वर सोनं. रेषा कुठेही अडखळलेली नाही.

डोळ्याची गोष्ट मला आपल्याकडच्या लेण्यांतच दिसते. अजिंठ्यातले चेहरे किंचित वळलेले, त्यामुळे पलीकडचा डोळा गालाच्या कडेशी. वेरूळच्या कैलासातली छतावरची चित्रं पाहा. तिथे नाकं टोकदार झालीत आणि तो डोळा कडेबाहेर सरकू लागलाय. पुढे गुजरात-राजस्थानच्या ताडपत्रांवर पलीकडचा गालच गेला, डोळा मात्र उरला. काही अभ्यासक याचा संबंध श्वेतांबर मंदिरांत मूर्तींना वरून बसवलेल्या डोळ्यांशी जोडतात. मला वेरूळची वाट जास्त पटते.

पण तो का उरला? कल्पसूत्र पर्युषण या जैन पर्वात वाचलं जातं, आणि पोथी लिहवून साधूंना किंवा ज्ञानभांडाराला, म्हणजे जैन ग्रंथसंग्रहाला, देणं हे श्रावकांसाठी, म्हणजे गृहस्थ जैनांसाठी, मोठं पुण्य. 1439 मध्ये मांडूला, 1465 मध्ये जौनपूरला, सुलतानांच्या राज्यातसुद्धा अशा पोथ्या तयार होत होत्या. जौनपूरची तर सोन्याच्या अक्षरांत. अशा कामात जुन्याला धरून राहणं हीच भक्ती. चौदाव्या शतकात कागद आला, पानं दोरीत ओवायची गरज संपली, तरी पानं ताडपत्रासारखी आडवीच राहिली आणि भोकाच्या जागी ठिपका रंगवला जाऊ लागला. तो ठिपका पाहिला की मला खरंच भरून येतं. डोळाही तसाच जपलेला.

आणि हात कच्चा असल्याची शंका अजून असेल, तर कल्पसूत्राला जोडून येणारी कालकाचार्य कथा उघडा. तिथले 'शाही' म्हणवले जाणारे परदेशी शक राजे बघा: इराणी धाटणीचे गोल चेहरे, आणि दोन्ही डोळे चेहऱ्याच्या आत, अगदी जागच्या जागी.