१७ सप्टेंबरची अट

२७ ऑगस्ट २०२५. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे बारा वाजून एक मिनिट, म्हणजे आपल्याकडे सकाळचे नऊ एकतीस. गणेश चतुर्थी, घरोघरी प्रतिष्ठापनेची गडबड. त्या मिनिटापासून भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावर अमेरिकेत ५० टक्के जादा शुल्क लागू झालं. मी बेलापूरला एका कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे मालाची कस्टमची कामं करून देणाऱ्याच्या, ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं बघते. त्या आठवड्यात टीव्हीवर ट्रम्प, पुतिन, रशियाचं तेल, मैत्री तुटली की टिकली, हेच चाललं होतं. मला सांगायचंय ते आदल्या दिवसाचं, मंगळवार २६ तारखेचं. गोष्ट एकाच कंटेनरची आहे.

कंटेनर तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा. स्वयंपाकघरातले टॉवेल, एप्रन, टेबलावरचे नॅपकिन असा माल. कापड इचलकरंजीहून येतं, इथे कापून, शिवून, पॅक होऊन जातं. कामाला बहुतेक बायका, घणसोली, दिघा, कोपरखैरणे इथून येणाऱ्या. मालकांना आमच्या ऑफिसात सगळेच काका म्हणतात. ऑगस्टमध्ये त्यांचा नाताळचा माल निघतो. लाल-हिरवे पट्टे, छापलेली ख्रिसमसची झाडं आणि प्रत्येक नगाच्या कडेला त्या अमेरिकी दुकानाचं लेबल. असा माल इकडे कुणाला विकता येत नाही.

ऑर्डर घेतली तेव्हा जादा शुल्क १० टक्के होतं. २ एप्रिलला भारतावर २६ टक्के जाहीर झाले होते, पण आठवडाभरातच ते थांबवून भारताला १० वर ठेवलं होतं. मग ७ ऑगस्टपासून २५ झाले. काकांचा माल ६०,००० डॉलरचा. २५ टक्क्यांचं कळल्यावर गिऱ्हाइकाने सवलत मागितली, काकांनी ५ टक्के दिली, बिल ५७,००० वर आलं. हे ठरतंय तोवर ६ ऑगस्टला दुसरा आदेश निघाला: भारत रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के, २७ ऑगस्टपासून.

त्या आदेशात वाटेवरच्या मालाला सवलत होती, आणि तिच्या दोन अटी होत्या. २७ तारखेच्या त्या मिनिटाच्या आत माल जहाजावर चढलेला हवा. शिवाय १७ सप्टेंबरच्या आत तो अमेरिकेत कस्टममधून सुटलेला हवा. मी दोन्ही अटी काकांना पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितल्या, मेलही केली, आणि त्यांनी ती तशीच पुढे गिऱ्हाइकाला पाठवली. तिकडच्या खरेदी अधिकाऱ्याचं एका ओळीचं उत्तर आलं, २६ तारखेपर्यंत जहाजावर चढवा. दुसऱ्या अटीबद्दल चकार शब्द नाही.

न्हावा शेव्याच्या बंदरातून न्यूयॉर्कला पोचायला तेव्हा महिन्याच्या वर लागत होता. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हुथी बंडखोर जहाजांवर हल्ले करू लागले, तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जात होती. २६ ऑगस्टला निघालेला डबा, म्हणजे कंटेनर, १७ सप्टेंबरच्या आत तिथे पोचून कस्टममधून सुटणं कोणत्याही हिशोबात बसत नव्हतं. आदल्या, ७ ऑगस्टच्या शुल्कात हीच मुदत ५ ऑक्टोबरपर्यंत होती, त्यात आमचा बराच माल बसला. या वेळी तीन आठवडे. आदेश लिहिणाऱ्यांना जहाजं कुठून किती दिवसांत येतात हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तरी कारखाना झटला. १८ आणि १९ ऑगस्टच्या पावसात दोन दिवसांचं काम गेलं, कापडाचा ट्रक अडकला. मग दोन पाळ्या लावल्या. गौरी-गणपती तोंडावर असताना बायका रात्री नऊपर्यंत थांबल्या. सोमवारी रात्री कंटेनरला सील लागलं आणि ट्रेलर पोर्टच्या पार्किंग प्लाझाला जाऊन उभा राहिला.

मंगळवारी हरतालिका होती, माझा उपास. सकाळीच शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद, पुढे सरकलं, दुपारी तीनच्या सुमारास कस्टमचा एलईओ मिळाला, म्हणजे माल देशाबाहेर न्यायला हरकत नाही हा शेरा. आमचा पोर्टवरचा मुलगा उरणचाच आहे. त्याने फोन केला, फॉर्म थर्टीन, म्हणजे डबा पोर्टच्या गेटातून आत न्यायचा कागद, निघाला, रांग कमी झाली की गाडी आत घालतो. गेटचा कट-ऑफ रात्री अकराचा होता.

पावणेसातला, म्हणजे तिकडे ऑफिसं उघडताच, काकांनी एक मेल पुढे पाठवली आणि मागोमाग स्वतःच तुर्भ्याहून निघाले. गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, त्यांच्या तिकडच्या ब्रोकरने सांगितलंय की १७ सप्टेंबरची अट पाळली जाणार नाही, तेव्हा पूर्ण ५० टक्के शुल्क लागेल. बिल ४७,५०० करा, नाहीतर माल चढवू नका.

आकडा कुठून आला ते मी कागदावर मांडलं. ५७,००० वर २५ टक्के म्हणजे १४,२५०, तिकडे माल पडतो ७१,२५० ला. मूळचं नेहमीचं शुल्क यात धरलेलं नाही. ५० टक्के झाल्यावर तोच माल ८५,५०० ला पडतो. त्याला पुन्हा ७१,२५० ला पाडायचा तर बिल ४७,५०० च हवं. वाढलेला सगळा भार तुर्भ्याने उचलायचा, असा त्याचा अर्थ. काकांचा खर्च ५२,००० च्या आसपास होता.

काका आले ते भिजलेले, छत्री गाडीतच विसरली होती. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “ताई, डबा परत आणला तर?”

पोर्टच्या दारातून कंटेनर परत आणायला आमच्यात बॅक टू टाऊन म्हणतात. त्याचा खर्च मी सांगितला: परवानगी, ट्रेलरचं भाडं, शिपिंग बिल रद्द करणं, रिकामा करून डबा जहाज कंपनीला परत देणं. ती रक्कम सोसण्यासारखी होती, पण माल परत आला तर त्याचं करायचं काय? प्रत्येक टॉवेलवरची लेबलं उसवायची तर त्याची मजुरी टॉवेलच्या किमतीवर जाते.

“तेल कोणी घेतलं, दंड कोणाला!” काका म्हणाले. “माझ्या कारखान्यात तेलाचा थेंब लागतो तो शिलाई मशीनला.”

मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, कारण त्या क्षणी त्याचा उपयोग नव्हता, पण इथे लिहिते. या जादा शुल्कातून पेट्रोलियम पदार्थ वगळलेले होते. औषधं, स्मार्टफोनही वगळले होते. रशियाचं कच्चं तेल इथल्या रिफायनरीत शुद्ध होऊन डिझेल किंवा विमानाचं इंधन म्हणून अमेरिकेला गेलं, तर त्याला हा दंड नव्हता. तो होता टॉवेलला, कोळंबीला, गालिच्याला, हिऱ्याला. चीन रशियाकडून आपल्याहून जास्त तेल घेत होता, त्याच्यावर या कारणासाठी शुल्क नव्हतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ४ ऑगस्टला सांगितलं की अमेरिका स्वतः रशियाकडून युरेनियम हेक्झाफ्लोराइड, पॅलॅडियम आणि खतं घेते. हे सगळं खरं आहे. युक्रेनमध्ये माणसं मरतायत हेही खरं आहे, आणि ते युद्ध थांबावं म्हणून जगाने रशियावर दबाव आणला तर मी त्याच्या बाजूने आहे. मात्र तो दबाव मॉस्कोला पोचण्याआधी तुर्भ्याच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पगारावर येऊन थांबत असेल, तर मला ते धोरण मान्य नाही.

ऑफिसात आमचा एक सहकारी यवतमाळचा आहे, घरी कापूस. तो त्या संध्याकाळी फार बोलला नाही. पण आधीच्या आठवड्यात, १९ ऑगस्टला, सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं, तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला होता. कपडा उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून ते केलं, आणि उद्योगाची ती मागणी जुनी आहे. २८ तारखेला तर माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ८,११० रुपये होता, पण बाहेरचा कापूस बिनशुल्क आला की बाजारात भाव किती मिळणार ही त्याच्या वडिलांची काळजी होती. पंतप्रधान ७ ऑगस्टला स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत म्हणाले होते की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही. दूध आणि मका-सोयाबीनपुरतं ते तेव्हा पाळलं जात होतं. कापूसवाल्याला मात्र काकांच्या समोरच्या पारड्यात टाकून तोलायला नको होतं. सवलत थेट निर्यातदाराला रोख देता आली असती. मला हे पटत नाही आणि मी ते त्याच्यासमोर तेव्हाही म्हटलं होतं.

साडेसातला काकांनी न्यूयॉर्कला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मला वाटलं होतं समोरचा गुर्मीत बोलेल. तसं काही नव्हतं. त्याची कंपनीही मोठी नाही, आणि शुल्क त्याला माल सोडवताना रोख भरायचं होतं, विकून पैसे यायच्या आधी. त्याने बँकेचं कर्ज सांगितलं, काकांनी पगार सांगितले. या शुल्काची वसुली भारताकडून होते असं वॉशिंग्टनमधून कितीही सांगितलं तरी ते भरतो तिथला आयातदार. त्यातला किती भाग मागे ढकलता येईल, एवढंच उरतं, आणि ते अशा फोनवर ठरतं. ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे त्याला ढकलता येतं. त्याच्याकडे होता. तेव्हा व्हिएतनाम आणि बांगलादेश २० टक्क्यांवर होते, पाकिस्तान १९ वर. पुढच्या हंगामाचे नमुने त्याने कराचीहून मागवलेत हे त्याने लपवलं नाही.

पोर्टवरून दोनदा फोन येऊन गेला, गाडी आत घालू का? शेवटी ५१,००० वर जमलं. ५१,००० वर शुल्क २५,५००, माल पडणार ७६,५०० ला. म्हणजे वाढीव ११,२५० पैकी ६,००० काकांचे गेले, ५,२५० त्याचे. काका खर्चाच्याही खाली गेले.

मी काकांना हाताने थांबवलं आणि म्यूट करायला सांगितलं. हे शुल्क १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली लावलेलं होतं, आणि तो कायदा राष्ट्राध्यक्षाला शुल्क लावू देतो का, यावरच अमेरिकेत तेव्हा खटला सुरू होता. तिथल्या राज्यघटनेप्रमाणे कर आणि शुल्क हा काँग्रेसचा अधिकार. २८ मे ला त्यांच्या व्यापार न्यायालयाने ही शुल्कं बेकायदा ठरवली होती, अपिलामुळे वसुली चालू होती. उद्या ती रद्द झाली आणि परतावा द्यायची वेळ आली, तर मागणार कोण? ज्याने तिथल्या कस्टमला भरले तो. काकांनी बिलातून सोडलेले ६,००० डॉलर अमेरिकी सरकारच्या दप्तरात कुठेच नाहीत. ते साधी व्यापारी सवलत म्हणून गेलेले असतील, आणि परताव्याचा पूर्ण पैसा गिऱ्हाइकाच्या खात्यात जाईल.

“हे लिहून घ्यायचं?” काकांनी विचारलं.

“आत्ताच, काका. गाडी आत जायच्या आधी.”

मी इंग्रजीत वाक्य तयार केलं, काकांनी फोनवर वाचून दाखवलं. तिकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग तो म्हणाला की वकिलाला विचारतो. काका ठाम राहिले. आजवर मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांनी मेल आली, मान्य आहे, फक्त या मालापुरतं. मी पोर्टवर फोन केला. दहाच्या आत गेट-इन झालं. सवलतीचं कारण बँकेला लेखी द्यायचं पत्र आणि शिपिंग बिलातल्या किमतीची दुरुस्ती मी गुरुवारवर टाकली आणि नेरूळला घरी गेले, सकाळी गणपती बसवायचा होता.

२९ तारखेला अपिली न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी तोच निकाल दिला, पण वसुली थांबवली नाही. अनंत चतुर्दशी झाली आणि ९ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला घेतलं. त्या दिवसांत काकांची दुसरी पाळी बंद होती. ईस्टरच्या मालाची ऑर्डर एरवी त्या सुमारास येते, ती आलेली नव्हती.

अमेरिकेला माल पाठवणाऱ्या आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही मी आता हे वाक्य देते. त्याचा मजकूर असा: ही सवलत केवळ जादा शुल्कापोटी दिली आहे, ते शुल्क कोणत्याही कारणाने परत मिळाल्यास, परताव्यातील त्याच प्रमाणातील रक्कम आयातदार तीस दिवसांत निर्यातदाराला देईल. कारखानदारांनी आपल्या वकिलाला दाखवून हवं तर बदलून घ्यावं, पण सवलतीला हो म्हणायच्या आधी मागावं. एकदा बिल उतरलं की गिऱ्हाइकाला त्यावर सही करायचं कारण उरत नाही.