वायोमिंगच्या वाऱ्यात कॅम्पर का डोलतो: एका हेलकाव्याचा शोध

कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स सोडून २८७ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेकडे निघाले की व्हर्जिनिया डेल आणि टाय साइडिंग ही चिमुकली ठिकाणे मागे टाकत आपण वायोमिंगमधील लॅरामीला पोहोचतो. तेथून ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानाकडे जायचे तर आधी आंतरराज्यीय महामार्ग ८० धरून पश्चिमेला रॉलिन्सपर्यंत जावे लागते. या महामार्गाचा लॅरामी ते वॉलकॉट जंक्शन हा टप्पा १९७० साली खुला झाला. त्यापूर्वीचा ३० क्रमांकाचा रस्ता मेडिसिन बो गावावरून वळसा घेत जात असे, तर नवा रस्ता एल्क माउंटनच्या कुशीतून सरळ काढला गेला. तेथे वारा आणि बर्फ किती थैमान घालतात हे परिसरातील पशुपालकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आज रस्त्याच्या कडेने मैलोन्‌मैल उभी असलेली उंच लाकडी बर्फकुंपणे आणि अर्लिंग्टनजवळच्या फूट क्रीक रिमवरील पवनचक्क्या पाहिल्या की तेथील वाऱ्याबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. वारा फार वाढला की हलक्या आणि उंच वाहनांना हा रस्ता बंदच केला जातो. आम्ही निघालो त्या दिवशी तशी बंदी नव्हती. फलकांवर केवळ जोरदार झोतांची सूचना होती.

आमच्या पिकअपच्या मागे फिफ्थ व्हील पद्धतीचा कॅम्पर, म्हणजे ओढून नेण्याचे चाकांवरचे घर, होते. महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रकार प्रत्यक्ष उदाहरणाने लगेच समजेल. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागे, हुकाला अडकवलेली असते, त्यामुळे ती बाजूला गेली की ट्रॅक्टरची शेपटीही ओढते, आणि दुसरी ट्रॉली तर रस्ताभर झुलते. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरची जोडणी याहून वेगळी असते. त्याचा किंगपिन, म्हणजे पुढच्या टोकाखाली असलेली जाड पोलादी खुंटी, पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकांच्या माथ्यावर असलेल्या जाड पोलादी तबकडीत बसतो. फिफ्थ व्हील कॅम्परची जोडणी अशीच असते, फक्त आकाराने लहान, आणि ती पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या (ॲक्सलच्या) बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेली असते. मागून आलेला आडवा धक्का थेट आसावर येत असल्याने त्याला पिकअपची शेपटी फिरवण्यासाठी तरफ मिळत नाही. म्हणूनच हा कॅम्पर मुळात स्थिर मानला जातो, आणि तो सापासारखा वळवळू लागला तर वाऱ्यावर बोट ठेवून मोकळे होता येत नाही. वारा फक्त धक्का देतो. तो धक्का जिरत का नाही, याचे उत्तर गाडीतच शोधावे लागते.

अर्लिंग्टन ओलांडल्यावर एक मोठा मालट्रक आम्हाला ओलांडून पुढे गेला. असे होताना कॅम्पर आधी ट्रककडे ओढला जातो आणि मग बाहेर ढकलला जातो, हे नेहमीचेच आहे. त्या वेळी मात्र ट्रक बराच पुढे गेल्यावरही स्टिअरिंगमध्ये एक संथ, ठरावीक लयीची ओढ जाणवत राहिली. शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "आरशात बघ, मागचं अजून थांबलेलं नाही." डाव्या आरशात कॅम्परचा मागचा कोपरा पांढऱ्या पट्ट्याकडे सरकत होता, परत येत होता आणि पुन्हा सरकत होता. त्या क्षणी रस्त्यावर दुसरे वाहन नव्हते आणि झोतही ओसरला होता. माझ्या दृष्टीने निदानाची पहिली खूण हीच. वाऱ्याने सरकलेली गाडी एकदा जाते आणि परत येते. हेलकावा मात्र कारण संपल्यावरही चालू राहतो.

अशा वेळी काय करायचे हे आधीच अंगवळणी पडलेले असावे लागते, कारण विचाराला सवड नसते. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले आणि कॅम्परच्या ब्रेकची हातकळ हलकेच दाबली. फक्त कॅम्परचे ब्रेक लागले की तो मागे रेटतो आणि दोन्ही वाहने ताणलेल्या दोरीसारखी एका रेषेत येतात. याउलट घाबरून पिकअपचा ब्रेक कचकन दाबला, तर मागचे वजन पुढे लोटते आणि हेलकावा वाढण्याची भीती असते. प्रत्येक हेलकाव्याला स्टिअरिंग उलटे फिरवणेही तितकेच घातक आहे, कारण माणसाची प्रतिक्रिया अर्धा क्षण उशिरा पोहोचते आणि नेमकी चुकीच्या दिशेने भर घालते. वेगाचा काटा ताशी ६० मैलांवरून, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरवरून, ५० च्या खाली आला तेव्हा डोलणे आपोआप विरले.

येथे अनेक जण थांबतात: पन्नासने चालवले की डोलत नाही ना, मग पन्नासनेच जाऊ. हा विचार मला धोक्याचा वाटतो. ओढल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला एक मर्यादावेग असतो. त्याच्या खाली हेलकावा विझतो आणि त्याच्या वर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. निरोगी कॅम्परचा हा मर्यादावेग महामार्गाच्या वेगाच्या बराच वर असतो. तो आज साठच्या आसपास उतरला असेल, तर ज्या कारणाने उतरला ते कारण वाढत जाऊन उद्या तो आणखी खाली येऊ शकतो, आणि उताराच्या रस्त्यावर वेग नेहमीच आपल्या हातात राहत नाही. आमच्यापुढे सुमारे ९,६५० फूट उंचीची टोगवोटी खिंड होती.

एल्क माउंटनच्या एक्झिटला उतरून आम्ही ७२ क्रमांकाच्या रस्त्याने हॅनाला गेलो. हॅना हे कोळसा खाणींचे जुने गाव. १९०३ साली येथील खाणीतील स्फोटात १६९ कामगार दगावले होते. तेथून जुना ३० क्रमांकाचा रस्ता धरून वॉलकॉट गाठले, आणि पुढचा महामार्गाचा तुकडा उजव्या मार्गिकेतून, धोक्याचे दिवे लावून, सिंक्लेअरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावरून रॉलिन्सपर्यंत काटला.

रॉलिन्समध्ये पहिले काम वजनकाट्याचे. ट्रकचालकांच्या थांब्यांवर असे काटे असतात. पिकअपची पुढची चाके एका फळीवर, मागची दुसरीवर आणि कॅम्परची तिसरीवर उभी केली की तीन आकडे स्वतंत्र मिळतात. आमची पावती अशी आली: पुढचा आस ४,४८० पौंड, मागचा आस ५,२०० पौंड, कॅम्परचे दोन्ही आस मिळून ८,५६० पौंड. मग कॅम्पर सोडून फक्त पिकअप काट्यावर नेला. त्याचे पुढे ४,५२० आणि मागे ३,३८०, एकूण ७,९०० पौंड भरले. जोडलेल्या अवस्थेत पिकअपच्या दोन आसांवर ९,६८० पौंड होते, त्यातून ७,९०० वजा केले की किंगपिनवर पडणारा भार १,७८० पौंड निघतो. कॅम्परचे पूर्ण वजन १०,३४० पौंड, म्हणजे किंगपिनवरचा भार १७ टक्क्यांच्या जरा वर. फिफ्थ व्हीलसाठी हा भार साधारण १५ ते २५ टक्के असावा लागतो. तो त्याहून खाली गेला, म्हणजेच कॅम्परचे ओझे चाकांच्या मागे एकवटले, तर डोलणे जवळजवळ ठरलेलेच. आमच्या कॅम्परची पाण्याची टाकी आसांच्या मागे आहे आणि ती भरलेली होती. ५० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ४१५ पौंड, त्यामुळे माझा पहिला संशय तिच्यावर होता. पण टाकी भरलेली असूनही आकडा मर्यादेत होता. पुढच्या आसावरचे वजन कॅम्पर जोडल्यावर केवळ ४० पौंडांनी घटले होते, म्हणजे स्टिअरिंगची चाकेही हलकी पडलेली नव्हती. कागदाच्या एका चिटोऱ्याने संशयितांची निम्मी यादी संपवली.

उरलेल्या गोष्टी पाहायला फारसा वेळ लागला नाही. पिकअपच्या मागच्या आणि कॅम्परच्या सगळ्या टायरांत हवा जेवढी हवी तेवढी होती. हे महत्त्वाचे, कारण पिकअपच्या मागच्या टायरांत हवा कमी असली की त्यांच्या बाजूच्या भिंती लवचिक होतात आणि सगळी गाडी त्यांवर झुलते. हिचचे, म्हणजे हौद्यातील त्या जोडणीचे, जबडे किंगपिनभोवती घट्ट होते आणि हौद्यातील बोल्ट जागचे हललेले नव्हते. आमची हिच सरकणारी आहे. आखूड हौद्याच्या पिकअपला अरुंद जागी वळताना ती मागे घ्यावी लागते, आणि तशीच मागे राहिली तर किंगपिन आसाच्या मागे जाऊन फिफ्थ व्हीलचा सगळा फायदाच नाहीसा होतो. ती प्रवासाच्या खाचेत नीट अडकलेली होती. कॅम्पर सपाट जमिनीवर पुढून-मागून एकाच पातळीत उभा होता.

मग मी टायरांवरून तळवा फिरवला. हवा मोजण्याइतकीच ही सवय मला मोलाची वाटते. टायरच्या रुंदीवर तळहात आतून बाहेर नेला आणि मग बाहेरून आत आणला. तीन टायरांवर दोन्हीकडून सारखेच लागले. मागच्या आसाच्या डाव्या टायरवर मात्र हात एका दिशेने गुळगुळीत सरकत होता आणि उलट दिशेने प्रत्येक नक्षीची कड करवतीच्या दातांसारखी बोटांना अडत होती. हा टायर नुसता घरंगळत नव्हता, थोडा आडवा घासतही चालला होता. म्हणजे तो आस कॅम्परच्या रेषेला काटकोनात नव्हता. खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर त्या बाजूच्या शॅकलच्या, म्हणजे कमानपाटीला (स्प्रिंगला) जोडणाऱ्या दुव्याच्या, पट्टीवर गंजाच्या तांबूस थरात अर्धचंद्राएवढा भाग घासून चकचकीत झालेला दिसला. जेथे धातू चकाकतो तेथे काहीतरी हलत असते.

रॉलिन्समधील एका गॅरेजवाल्याने कॅम्पर लगेच आत घेतला. त्याची पद्धत मला फार आवडली, म्हणून ती सविस्तर लिहिते. त्याने कॅम्पर थोडा सरळ पुढे ओढून थांबवला आणि किंगपिनच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण केली. मग त्या खुणेपासून प्रत्येक आसाच्या डाव्या-उजव्या टोकापर्यंत पोलादी टेप लावून मापे घेतली. पुढच्या आसाची दोन्ही मापे जुळली. मागच्या आसाची डावी बाजू पाव इंचाने मागे होती. येथे फरक एक अष्टमांश इंचाच्या आत असावा लागतो. नुसते एवढ्यावर आस वाकला असावा असा निष्कर्ष काढता आला असता, परंतु त्याने कॅम्पर थोडा मागे ढकलून, नव्याने ओळंबा सोडून, तीच मापे पुन्हा घेतली. या वेळी डावी बाजू उजवीच्या पुढे आली होती! आस वाकलेला असता तर फरक दोन्ही वेळा सारखाच राहिला असता. हा आस जागेवर ठरतच नव्हता. पुढे ओढले की एकीकडे, मागे लोटले की दुसरीकडे, आणि वाऱ्याचा धक्का बसला की धावत्या गाडीत कॅम्परचे चाक आपोआप किंचित वळत होते. रस्त्यावरच्या त्या हेलकाव्याला चालना देणारा हात हाच होता.

कॅम्परची चौकट जॅकवर उचलून त्याने दोन कमानपाट्यांना जोडून त्यांच्यात भार वाटणाऱ्या मधल्या इक्वलायझरखाली पहार घातली आणि हलकीशी दाबली, तसा तो सगळा भाग खट् आवाज करून सरकला. चाके बारा आणि सहाच्या जागी धरून हलवून पाहिली. बेअरिंगमध्ये ढिलेपणा नव्हता. बोल्ट काढल्यावर आतला नायलॉनचा बुश, म्हणजे बोल्टभोवतीचे नळीसारखे अस्तर, बाहेर पडला तो अंगठी नव्हे, एका बाजूने कागदाइतकी पातळ झालेली चकती होऊन. त्यानंतर बोल्टने थेट लोखंड खायला सुरुवात केली होती आणि शॅकलचे गोल भोक लांबट झाले होते. नायलॉनचे असे बुश नव्या कॅम्परमध्ये सर्रास असतात. त्यांना ग्रीस देण्याची सोय नसते, आणि भार उतरवून बोल्ट काढल्याशिवाय त्यांची झीज दिसत नाही. ही रचना दहा हजार पौंडांच्या घराला पुरेशी आहे असे मला मुळीच वाटत नाही.

दोन्ही बाजूंना पितळी बुश, आतून ग्रीस जाणारे बोल्ट आणि जाड पट्ट्यांचे शॅकल बसवले. सगळे यू-बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळल्यावर मापे पुढे ओढून आणि मागे ढकलून पुन्हा घेतली. फरक दोन्ही वेळा एक षोडशांश इंचाच्या आत आला. शॉक ॲब्सॉर्बर लावून डोलणे थांबवा, असा सल्ला प्रवाशांमध्ये सर्रास दिला जातो. शॉक ॲब्सॉर्बर चांगलेच असतात, पण ते वरखाली उसळणे आवरतात. सैल पडलेला आस ते जागेवर धरू शकत नाहीत, आणि हादरे कमी झाल्यामुळे बिघाड आहे हे कळायला मात्र उशीर होतो.

रॉलिन्सहून २८७ ने उत्तरेला निघालो तेव्हाही वारा होताच. मडी गॅपनंतर रस्ता स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात शिरतो. स्प्लिट रॉकची ती दुभंगलेली शिखरखाच ओरेगन ट्रेल या पश्चिमेकडे जाणाऱ्या स्थलांतरितांच्या जुन्या वाटेवरून चाललेल्या बैलगाड्यांना दिवसभर समोर दिसत असे. आम्हालाही ती बराच वेळ साथीला होती. त्या उघड्या पठारावर झोत आला की कॅम्पर हातभर सरकायचा, परत यायचा आणि तेथेच संपायचे. लँडरला पोहोचल्यावर चाकांच्या नटांचा टॉर्क पुन्हा तपासला, कारण चाके काढून बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० मैलांत ते सैल पडू शकतात. दोन नट किंचित फिरले. करवती कडांचा तो टायर स्टेपनीच्या जागी टाकून स्टेपनी चाकावर घेतली, बुशांभोवती ताजे ग्रीस सारखे बाहेर आले आहे ना ते पाहिले, आणि डुबॉइसमार्गे टोगवोटी खिंडीकडे निघालो.